बंड्याने सांगितलं, मी लिहिलं

बीव्हर्टन, ऑरेगन
२१ सप्टेंबर

ती. बाबांना आणि आईला सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एवढे फोटो पाठवलेस, त्यात बंड्या कुठाय?" बंड्या फोटोत नाही, कारण तो एका जागी ठरतच नाही. कोपऱ्यात पिवळट, पुसट असं शेपूट दिसतंय ना, तो आमचा कुत्रा, बंड्या. म्हणून यंदाच्या सहलीची सगळी हकीकत त्यालाच सांगायला लावली आहे. मी, मनू, नुसती लेखनिक. अगदीच राहवलं नाही तर कंसात बोलेन.

आजी, आजोबा,

आजोबा आधी गाडीचं विचारणार, म्हणून तिथूनच सुरू करतो. भाड्याची मोटरहोम, पंचवीस फुटी. तुमच्या लाल डब्याहून आखूड, पण आत शेगडी, फ्रिज, संडास, आणि टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग. चाकं फिरायला लागली की आतली प्रत्येक वस्तू बोलायला लागते. ताटं, झाकणं, कपाटाच्या कड्या, आजीने दिलेला मिसळणाचा डबा. ओवी तिच्या सीटला बांधलेली, मी माझ्या. नितीन पहिला तासभर एक अक्षर बोलला नाही. त्याच्या तळहातांच्या घामाचा वास मला मागच्या बाकावर येत होता. कोस्ट रेंजचा घाट लागला तेव्हा मनू म्हणाली, "ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं." नितीन म्हणाला, गाडी ऑटोमॅटिक आहे. मग थोड्या वेळाने गुपचूप खालचा गिअर टाकला. (टाकला, बाबा. ब्रेक तापल्याचा वास यायला लागला होता. बंड्याला आमच्याआधी आला, तो शिंकत सुटला.)

माणसांसाठी समुद्र दिसला की सुरू होतो. माझ्यासाठी तो अर्धा तास आधीच सुरू झाला. आधी सीडरची झाडं आणि ओले नेचे, मग मधूनच खारट काहीतरी, मग किनाऱ्यावर सडणारं शेवाळ, मेलेला खेकडा, कुणीतरी पेटवलेला ओंडका. मी ओरडायला लागलो तर ओवी म्हणाली, याला शू लागली असेल. थांबलो. शू पण केली.

कॅनन बीचला वाळूला लागूनच, पाण्यात, एक काळा सुळका उभा आहे. हेस्टॅक रॉक, २३५ फूट. ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. सगळे मान वर करून बघत होते, मी खालचं बघत होतो, कारण पक्ष्यांनी वर्षानुवर्षं जे काही खाली सोडलंय ते तिथेच आहे. (आई, तो दगड बघून मी थबकलेच. कुंभार्ली घाटातला कातळच जणू. इथेही लाव्हाच, आतल्या पूर्वेकडच्या भागातून वाहत समुद्राला येऊन मिळालेला, साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी. आपला दख्खनचा साडेसहा कोटींचा, म्हणजे थोरला.)

आजोबा, ही पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. इथला किनारा एके काळी कागदोपत्री हायवे होता! १९१३ साली ऑस्वाल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरने ओली वाळू सार्वजनिक महामार्ग म्हणून ठरवून घेतली, म्हणजे ती कुणाला विकताच येऊ नये. तेव्हा गाड्या खरोखरच वाळूवरून जायच्या. पुढे १९६६ मध्ये कॅनन बीचच्या एका मोटेलवाल्याने कोरड्या वाळूत ओंडके रचून आपल्या गिऱ्हाइकांसाठी जागा अडवली. लोक खवळले, आणि १९६७ च्या कायद्याने झाडोरा सुरू होईपर्यंतची कोरडी वाळूही सगळ्यांना मोकळी झाली. सगळ्यांत मी येतो. बहुतेक ठिकाणी. स्नोई प्लव्हर नावाचा मुठीएवढा पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतो, त्याच्यासाठी काही किनाऱ्यांवर १५ मार्च ते १५ सप्टेंबर आमच्या जातीला बंदी. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते, तरी एका जागी मला गाडीच्या काचेतूनच समुद्र बघावा लागला. एवढासा पक्षी, पण वशिला केवढा!

आता फोडणी. नेहालेमजवळच्या कॅम्पवर सकाळी मनूने पोहे करायला घेतले. तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि छतावरचा गोल डबा किंचाळायला लागला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी टेबलाखाली, ओवी टेबलावर, नितीन टॉवेल फिरवतोय, मनू एका हाताने दार उघडतेय आणि दुसऱ्या हाताने गॅस बंद न करता कांदा परततेय. शेजारच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. त्यांना प्लेटभर पोहे दिले. त्यांनी आणखी मागितले. मला कुणी विचारलं नाही, पण जमिनीवर बरंच सांडलं होतं. (धुराचा अलार्म शेगडीपासून हातभर अंतरावर बसवणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी मिरची परतली नसणार.)

त्याच दिवशी माझ्यावर अन्याय झाला. नदीकाठी बोटी उतरवायच्या उतारावर कुणीतरी सामन माशाची आतडी टाकली होती. सप्टेंबरात सामन समुद्रातून नदीत शिरतात, सगळीकडे गळवाले. मी तोंडात धरलीच होती, तेवढ्यात मनूने जबड्यात बोटं घालून ती काढली आणि माझं तोंड बाटलीभर पाण्याने धुतलं. (हे मात्र खरंच गंभीर आहे. इथल्या कच्च्या सामनमध्ये एक बारीक कृमी असतो आणि त्या कृमीत एक जंतू. कुत्र्याने खाल्लं की आठवडाभरात ताप, उलट्या, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. शिजवलेल्याने काही होत नाही. आठवडा होऊन गेला, बंड्या ठणठणीत आहे.) मांजरांना हा आजार होतच नाही म्हणे. मी यावर बोलू इच्छित नाही.

टिलामूकला सगळ्यांनी चीज आणि आइस्क्रीम खाल्लं, मी पार्किंगमध्ये होतो.

न्यूपोर्टला मात्र मला माझी माणसं भेटली. धक्क्यावर लाकडी तराफ्यांवर समुद्रसिंहांचा ढीग पडलेला, एकावर एक, आणि सगळे भुंकताहेत. माझ्यासारखेच, फक्त जास्त जाड आवाजात. लोक पैसे खर्चून, लांबून येऊन ते भुंकणं ऐकत उभे होते. व्हिडिओ काढत होते! मी एकदा उत्तर दिलं तर नितीन म्हणाला, "बंड्या, गप."

तिथला खाडीवरचा पूल १९३६ चा. कोंडे मॅककलो नावाच्या इंजिनिअरने त्या वर्षी या रस्त्यावर असे पाच मोठे पूल पुरे केले, तोवर गाड्या फेरीबोटीवर चढून पलीकडे जायच्या. मनूने लगेच दाभोळ-धोपाव्याची फेरी काढली, आणि आजोबा तुम्ही बोटीवर गाडी घालताना सगळ्यांना खाली उतरवायचात ते सांगितलं. पुलावर वारा आडवा आला तशी गाडी हलली. नितीनने स्टिअरिंग असं धरलं की बोटं पांढरी. कुणी काही बोललं नाही. पलीकडे पोचल्यावर एकदम सगळेच बोलायला लागले.

आणि आजी, तू नाक मुरडू नकोस, पण माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जिथे टाकी रिकामी करतात ती. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे तिच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. नितीन हातमोजे घालून, श्वास रोखून. मी पट्टा ताणून ताणून. पश्चिम अमेरिकेतल्या अर्ध्या कुटुंबांनी काय खाल्लं ते त्या चौकोनी झाकणाशी समजतं. मला लवकर ओढून नेलं.

रात्रीचं सांगतो. घरी मनूचं दार बंद, ओवीचं बंद, नितीन खाली लॅपटॉपवर. मला रात्री फेऱ्या माराव्या लागतात, सगळे जागेवर आहेत ना बघायला. या गाडीत फेरी नाही. मधोमध पडलो की एका कानाला ओवी, दुसऱ्याला नितीनचं घोरणं, आणि मनू कूस बदलली की पलंगाची फळी कुरकुरते. सगळे हजर. तरी मोजणी जुळत नव्हती, म्हणून मी दाराशी जाऊन बसायचो.

(आता मीच लिहिते. तो दाराशी बसायचा हे खरं आहे, बाबा. का बसायचा ते त्याचं त्याला ठाऊक. गेल्या वर्षी तुम्ही इथे होतात तेव्हा तुमच्या खुर्चीखाली झोपायचा, एवढं मी बघितलंय.)

आई, चढायला दोनच पायऱ्या आहेत, पहिली जरा उंच. खाली ठेवायला लाकडी स्टूल करून घेऊ. टेबलाचा पलंग तुम्हा दोघांना, तिथून संडास चार पावलांवर, रात्री कुणाला उठवायला नको. बाबांनी नितीनशेजारी बसून सूचना द्यायच्या, तो ऐकतो हे वर आलंच आहे. गणपतीआधी निघा असं म्हणायचा वेडेपणा मी करणार नाही. गणपती गावाला गेले की निघा. इथे सप्टेंबर बहुतेक कोरडा जातो, पाऊस लागायला ऑक्टोबर उजाडतो. मिसळणाचा नवा डबा आणा, या खेपेचा अर्धा बंड्याने जमिनीवरून संपवला.

आईच्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षी संपत असावी. पान उघडून तारखेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका. बाबा, वाचून सांगू नका, फोटोच टाका. मागच्या वेळी तुम्ही ३ चा ८ केला होतात.

तुमची
मनू

(आणि बंड्या. कागदाच्या कोपऱ्याला जे ओलं लागलंय, ते त्याचंच.)