पत्ते आले की लगेच जुगार कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्त्यांना स्पोर्ट म्हणायचं का यावर तुमच्याकडे वाचकांची पत्रं येताहेत, त्यात एकाने लिहिलंय की घाम येत नाही तो खेळच नाही. मग शाळांच्या स्पर्धेत बुद्धिबळ कशाला ठेवता भाऊ?

खरी अडचण घामाची नाहीच. आपल्या खान्देशात पत्ते म्हटलं की आखाजी (अक्षय्य तृतीया) आठवते, पोरी झोक्यावर आणि बाप्ये लिंबाखाली तीन पत्तीवर, सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला) सकाळी हिशोबाचे पैसे मिळाले की संध्याकाळपर्यंत खिसा साफ, हे मी लहानपणी डोळ्याने पाह्यलंय. तो जुगारच, सणाचं नाव दिलं तरी. सुप्रीम कोर्टाने पण 1967 ला हाच फरक केला, रमीत कौशल्य जास्त, तीन पानांचा खेळ नुसता नशिबाचा.

मी कितीतरी वर्षं चाळीसगाव-जळगाव अपडाऊन केलं. गुडघ्यांवर टॉवेल पसरून मेंढीकोट, म्हणजे जोडीने मेंढ्या (दश्श्या) पकडायचा पत्त्यांचा डाव, पैसा एक नाही, हरला तो चहा पाजणार. माझा पार्टनर पोस्टातला, तोंडातून शब्द काढायचा नाही पण कोणाचं कोणतं पान पडलं सगळं डोक्यात, शेवटची चार पानं राहिली की कोणाकडे काय आहे ते बरोब्बर सांगणार. एकदा समोरच्याने बिनधास्त किलवरची मेंढी टाकली आणि याने हुकमाच्या दुर्रीने मारली, अख्खा डबा ओरडला.

तरी मेंढीकोटला मी स्पोर्ट म्हणणार नाही, पानंच भारी आली तर कोणीपण जिंकतो. ब्रिज पण जोडीने खेळायचा पत्त्यांचाच खेळ, पण त्याच्या स्पर्धेत तसं नसतं, तीच वाटलेली पानं बोर्डात (कप्प्यांच्या ट्रेमध्ये) घालून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, म्हणजे त्याच पानांवर तुम्ही काय केलं आणि दुसऱ्याने काय केलं तेवढंच मोजतात, नशिबाला बहाणाच राहत नाही. 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी यातच गोल्ड आणलं, बर्धन तेव्हा 60 वर्षांचे!

म्हणून म्हणतो, शाळेत बुद्धिबळाच्या बाजूला ब्रिजचं एक टेबल लावून बघा. पत्त्यांचे दोन कॅट माझ्याकडे पडलेत, ते मी देतो.

आपला,
एक रिटायर्ड अपडाऊनवाला, चाळीसगाव