इन्सुलिनची टोपी

प्रिय वैशू,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. रागावली असशील तर तो राग रास्तच आहे. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे. पण परवा वॉर्डात जे झालं ते तुलाच कळेल.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं इन्सुलिन भरलं. व्हायल ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, हातात सिरिंज मात्र नारिंगी टोपीची, १०० ची. २० च्या रेघेपर्यंत भरलं, म्हणजे ०.२ मिली, २० च्या जागी अवघे ८ युनिट. स्टाफ नर्सचं टोपीकडे लक्ष गेलं म्हणून निभावलं. उलट झालं असतं, १०० ची व्हायल आणि लाल टोपीची ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० युनिट गेले असते! दोन्ही व्हायली एकाच फ्रिजमध्ये असतात गं. मुलगी हुशार आहे, पण व्हायलवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी ताडून बघायला तिला कुणी लावलंच नव्हतं. वॉर्डात शिकवायला नेमलेली स्टाफ, म्हणजे मेंटर, होती, पण कागदावर. तिच्याकडे १० मुली आणि स्वतःचे २२ पेशंट.

‘शिकवणं कॉलेजच्या ट्यूटरचं काम’ हे तुझं जुनं पालुपद. नलूताईंसमोर यावरून भांडलो तेव्हा तुझ्या आवाजानं अर्धा वॉर्ड जागा झाला होता! मला ते अजून पटत नाही. ट्यूटर तासभर येतात, आणि जेवणाआधीचं इन्सुलिन त्या तासात क्वचितच असतं.

एका स्टाफमागे दोनच मुली हव्यात, निदान चार आठवडे, आणि ड्युटी तिच्याचबरोबर. तिला नाइट लागली तर मुलींनाही नाइट. नाहीतर सोमवारी एकीनं दाखवलेलं बुधवारी दुसरी खोडून काढते. काम आधी बघायचं, मग जोडीनं करायचं, मग तिच्या नजरेखाली एकटीनं, आणि करता करता ‘का’ ते बोलून दाखवायचं. हे बोलणं कुणी करून घेत नाही, आणि चूक नेमकी तिथं सापडते. ओव्हरआधी, म्हणजे ड्युटी पुढच्या स्टाफकडे सोपवण्याआधी, दहा मिनिटं, आज काय अडलं ते विचारायला. लॉगबुकवर सही त्याच दिवशी. पोस्टिंग संपताना गठ्ठ्यानं नाही. मार्कही मेंटरनं देऊ नयेत, नाहीतर ‘मला सिरिंज कळली नाही’ हे तिच्याजवळ कोण बोलेल? आणि मेंटरचे दोन-तीन पेशंट तरी कमी करा, म्हणून सांगून मी दमले.

चिनूची बारावी कशी गेली? गुडघ्याला पट्टा बांधतेस ना?

ड्युटी लावण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. या १० मुली ५ स्टाफबरोबर बसवून दे, नाइटसकट. शुक्रवारी मेट्रनसमोर ठेवायचंय.

तुझी,
शुभा