डावीकडे झुकणारी बोट आणि भुसावळचे आप्पा

आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी बोट सरळ करून दिलीत म्हणून तुमच्या घरी आभार मानायला आलो, तर तुम्ही केळीच्या भावाचा विषय काढलात. खिशातलं पाकीट काढलं तेव्हा रागावलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. हतनूरच्या पाण्यावर, गिरणा धरणात, उकाईच्या फुगवट्यात बोट चालवणाऱ्या माझ्यासारख्यांच्या हाती हे पत्र पडावं, असंही मनात आहे.

आमचे वडील जन्मभर लाकडी होडीवर वल्ही मारत राहिले. मी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून जुनी फायबरची बोट घेतली. १८ फुटी, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, आठ माणसांची बसायची सोय. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर भाविक येतात, थंडीत पाहुणे पक्षी बघायला शहरातली मंडळी येतात, त्यावर हप्ते फिटतील असा हिशेब होता. पण बोट डाव्या अंगाला कलायची. वळणावर तर इतकी, की बायका पोरांना पोटाशी धरून कडेचा पाइप घट्ट पकडायच्या. एकदा एक म्हातारी वारकरी मधेच "मला परत सोड बाबा" म्हणाली. तिला काठावर उतरवलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोघांना दाखवलं होतं. एकाने इंजिनखालची ती लहानशी शेपटी फिरवून दिली. दुसऱ्याने उजवीकडे वाळूची दोन पोती टाकायला सांगितली. पोत्यांनी बोट सरळ दिसायला लागली आणि मी खूश झालो. तुम्ही काठावर आलात, ती पोती पाहिलीत आणि म्हणालात, "ताप मोजायच्या आधीच गोळी दिली रे भो." मग विचारलंत, "उभी असताना झुकते, की पळताना?"

आप्पा, मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं रोज त्या बोटीत बसत होतो, पण ती रिकामी, उभी, शांत पाण्यात कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तुम्ही सगळं उतरवायला लावलंत. पोती, नांगर, जॅकेटं, बॅटरी, पेट्रोलची टाकी, शेवटी मलाही. संध्याकाळी वारा पडल्यावर कडेपासून पाण्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावलात. डावी बाजू २० सूत खाली, म्हणजे अडीच इंच. "रिकामी बोट उभ्या उभ्या झुकतेय, म्हणजे दोष इंजिनाचा नाही. वजन आत आहे," म्हणालात, आणि गुडघ्यावर बसून बोटांच्या पेरांनी तळावरची फरशी वाजवत गेलात. उजवीकडे ठण् ठण्. डावीकडे मधल्या आसनापासून मागे नुसता भद्द आवाज. रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये ३० वर्षं कान देऊन काम केलेल्या माणसालाच ते ऐकू येणार. मला तुम्ही हात धरून ऐकवलंत तेव्हा कळलं.

डावीकडे भोक पाडलं आणि काळं, कुबट पाणी वर आलं. वीस लिटरचा कॅन गळ्यापर्यंत भरला. मला वाटलं झालं काम. तुम्ही म्हणालात, फरशीखाली भरलेल्या फोमने प्यायलेलं पाणी असं निथळत नाही. फरशी कापून फोम काढला, केळीच्या वजनकाट्यावर ठेवला, तर ३५ किलो. कोरडा असता तर दोन-तीन किलोच्या वर गेला नसता. म्हणजे एक धडधाकट माणूस कायम डाव्या कडेला बसून होता आणि मला पत्ता नव्हता.

पाणी आलं कुठून हेही तुम्हीच शोधलंत. आधीच्या मालकाने जादा आसनं बसवताना स्क्रू नुसते फरशीत पिळले होते, सीलंट लावलं नव्हतं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ येते तेव्हा आमची बोट काठावर असते, आणि आमचा काठ डावीकडे उतरता. चार महिने पाऊस त्या भोकांतून झिरपत डावीकडेच साचत राहिला. वळणावर बोट का घाबरवायची तेही उलगडलं. फरशीखालचं मोकळं पाणी उताराकडे धावतं, त्याने उतार आणखी वाढतो, मग आणखी पाणी तिकडे. पोत्यांनी यातलं काहीच थांबलं नव्हतं, उलट बोट आणखी जड होऊन पाण्यात खाली बसली होती. या विचाराने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मी फोमशिवायच फरशी बंद करायला निघालो होतो. तुम्ही हात धरलात. तळ फुटला तरी बोट तरंगत राहावी म्हणूनच तो फोम असतो, काढला तेवढा पुन्हा भरायचाच. पाणी न पिणारा फोम जळगावहून आणला, प्रत्येक स्क्रूला सीलंट लावलं, आणि मागे तळाचं पाणी सोडायचा प्लग, जो मी आयुष्यात कधी उघडला नव्हता, तो बोट काठावर घेतली की काढून ठेवायचा नियम तुम्ही घालून दिलात.

तरी पळताना थोडी डावीकडे जातच होती. इथे मी हिरमुसलो, तुम्ही मात्र खुलून गेलात. ड्रिल मशीन माझ्या हातात देऊन सागाच्या फळीत भोक पाडायला लावलंत. बिट अडकलं तसं मनगट उलटं पिरगळलं. "पंखा मागून बघता घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, मग पाणी बोटीला उलटं पिळणार, म्हणजे डावीकडे. रेल्वे इंजिनातली मोटारही चाक फिरवताना स्वतः उलटी फिरू बघते, म्हणून तिचं नाक बोगीला, म्हणजे चाकांच्या सांगाड्याला, बांधतात." एवढ्या सोप्या शब्दांत हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर! शेपटी फिरवून का उपयोग झाला नाही तेही कळलं. तिने स्टिअरिंगची ओढ कमी होते, बोटीचं झुकणं नाही. बॅटरी आणि टाकी दोन्ही डावीकडे होत्या, त्या उजवीकडे नेल्या. इंजिनाच्या ब्रॅकेटमधली पिन एक भोक बाहेर काढली, तसं बोटीचं नाक पाण्यात खुपसणंही थांबलं.

आणि तिसरी गोष्ट. दुपारी जाताना बोट डावीकडे कलली आणि येताना उजवीकडे. माझं तोंड उतरलं. तुम्ही पुढच्या पाइपाला उपरण्याची चिंधी बांधलीत. जाताना वारा डावीकडून, येताना उजवीकडून. वारा नाक ढकलतो, आपण नकळत वाऱ्याकडे स्टिअरिंग धरून राहतो, आणि वेगातली बोट वाऱ्याच्याच अंगाला कलते. तिथे दुरुस्त करायचं काही नव्हतं. वेग थोडा कमी केला, दोन माणसं इकडची तिकडे बसवली, एवढ्यावर भागलं. ती चिंधी अजून तिथेच आहे.

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरली. दिवसभर फेऱ्या मारल्या, एकदाही कोणी कडेचा पाइप धरला नाही. वडील पहिल्यांदाच माझ्या बोटीत बसले. काही बोलले नाहीत, पण उतरताना त्यांनी बोटीच्या नाकाला हात लावून नमस्कार केला, जसा त्यांच्या होडीला करायचे.

आप्पा, पुढच्या थंडीत भरिताची वांगी आली की निरोप देतो. आई कळण्याच्या भाकरी करेल. तेव्हा नाही म्हणायचं नाही.

रोज पहिल्या फेरीआधी टेप लावतो. आज सकाळी उजवीकडे एक सूत खाली आहे. बॅटरी चार बोटं आत सरकवून उद्या पुन्हा मोजतो.

तुमचा,
संगमावरचा बोटवाला