शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आक्कांना

आक्का, नमस्कार.

तोंडावर काही बोलायला गेले की तुम्ही "राहू दे गं, भात लागंल खाली" म्हणून आत निघून जाता. म्हणून इथं चारचौघांत लिहिते. सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवतील, तेव्हा तरी जागचं उठू नका.

पोराचा रक्ताचा कॅन्सर, केमो, ते सगळं मी इथं उगाळत नाही. ज्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं त्यांचं ऋण वेगळं आहे. पण घरी पाठवताना खाण्याबद्दल "प्रोटीन भरपूर द्या" एवढंच सांगून कुणीतरी हातात एक झेरॉक्स ठेवली. त्यात ओट्स आणि ब्रोकोली! आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आठवडी बाजारात रताळी मिळतात, मेथी मिळते, नाचणी मिळते. त्यांचं त्या कागदावर नावसुद्धा नव्हतं. मग पाहुण्यांचे सल्ले सुरू झाले. एकीनं दूध तोडायला सांगितलं, दुसरीनं गूळ-साखर, तिसऱ्यानं कसलासा काढा आणला. सगळं ऐकलं असतं तर पोराच्या ताटात काय उरलं असतं?

आणि ती आधीची शाळा. मेंटेनन्सच्या, म्हणजे कॅन्सर परत उलटू नये म्हणून द्यायच्या गोळ्या चालू असल्या तरी शाळेत पाठवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. फी भरून घेतलेल्या शाळेची होती. "बाकीचे पालक विचारतात हो, अजून एक वर्ष घरीच ठेवा." जणू कॅन्सर शिंकेतून लागतो. म्हणून आम्ही गावच्या सरकारी मराठी शाळेत आलो, आणि तिथं तुम्ही होता.

पहिल्याच दिवशी जो तो त्याचे गाल ओढून "किती गुटगुटीत झालाय" म्हणत होता. तुम्ही चुलीपुढून उठलात, ओला हात पदराला पुसलात आणि त्याचा दंड दोन बोटांत धरलात. म्हणालात, "गाल बघू नगो, दंड बघ. काय नाही ह्यात." अंगणवाडीत मदतनीस होता तेव्हा कुपोषण मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी लहान पोरांच्या दंडाला लावून लावून तुमच्या बोटांना ते कळत असणार. पुढच्या तपासणीला आहारतज्ज्ञ बाईंनीही आधी टेप दंडालाच लावली. स्टेरॉइडनं अंग सुजतं, वजनाचा काटा फसवतो आणि आत स्नायू झिजत राहतात, असं त्यांनी समजावलं. तुम्ही ते चुलीपाशी उभं राहून ओळखलं होतं.

पण मला सांगायचंय ते पंगतीचं.

त्याला भरलेलं ताट बघूनच उमळून यायचं. तोंडाची चव गेलेली, वरण कडू लागायचं. आम्ही घरात सगळे त्याच्या ताटाभोवती पहाऱ्याला बसल्यासारखे. "एक घास, एक घास" करून त्याला जेवणाचीच भीती बसली होती. मी तुमच्याजवळ येऊन एवढंच बोलले, की त्याला ताजं आणि गरमच लागतं, उघडं राहिलेलं चालत नाही, कारण त्याच्या अंगात अजून रोगाशी झगडायची ताकद कमी आहे. वेगळा डबा देऊ का, असंही विचारलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. ती हो म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही.

त्या दिवसापासून पंगत तो बसेल त्या टोकापासून सुरू व्हायला लागली. झाकण काढलं की पहिला डाव त्याच्या ताटात. तो खिडकीपाशी बसला तर खिडकीपासून, दारात बसला तर दारापासून. वाढायचं अगदी थोडं, मुठीएवढा भात आणि वर सांबार. मग पुढची पोरं वाढून झाली की परत त्याच्याकडे, पुन्हा तेवढंच. आपल्यासाठी वेगळं काही चाललंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाकीच्या पोरांच्याही नाही. एकदा शाळेत कागद द्यायला आले होते, तेव्हा व्हरांड्यातून त्याचा आवाज ऐकला, "आक्का, सांबार!" कॅन्सर झाल्यापासून त्यानं स्वतःहून मागितलेलं ते पहिलं जेवण. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत न जाता तशीच गेटपाशी जाऊन रडले. बाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

बाकीचं तर सरकारही देत होतं. दुधात आठवड्यातून तीन दिवस रागी माल्ट, म्हणजे नाचणीचंच पीठ. अंडं पूर्वी दोनच दिवस असायचं, 2024 पासून सहा दिवस झालं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम. स्टेरॉइडनं ठिसूळ होणाऱ्या हाडांना तेच हवं असतं. झेरॉक्सवाल्यांना हे माहीत नसेल का? पण अंडं पुरतं उकडलंय की नाही ते बघून, त्याच्यासमोर सोलून देणं कुठल्या योजनेत लिहिलेलं नाही.

आणि ते टाचांवर चालणं! केमोतल्या एका औषधानं त्याचे पाय मऊ पडले होते, चवडा उचलायचा नाही, चप्पल निसटून मागं राहायची. फिजिओथेरपीवाल्यांनी टाचांवर चालायला सांगितलेलं, घरी म्हटलं की रडारड. तुम्ही सगळ्या वर्गालाच टाचांवर चालत हात धुवायला पाठवायला लागलात. कोण हसणार आणि कुणाला?

1956 पासून महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्यं आमच्या गावांवर हक्क सांगतायत, 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. तुमचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात कानडी. तुमच्या पंगतीत हा प्रश्न कधी आलाच नाही. मानधन वाढवा म्हणून तुम्हाला बेळगावला मोर्चात जावं लागतं, आणि आम्ही मात्र तुम्हाला गृहीत धरून बसतो. माणूस नीट असला की तो कुठल्याही हुद्द्यावर नीटच असतो, हे म्हणायला सोपं. पण तुमच्यासारखी माणसं मला त्या काळात फार थोडी भेटली.

आता एक काम आहे. शेजारच्या गावातली एक पोरगी इलाज करून परत आलीय. तिची आई सोमवारी तुमच्याकडे येईल. घरात सगळे तिला गालच दाखवतायत. तिला तो दंड धरून दाखवा. मी सांगितलेलं तिला पटत नाहीय.

तुमची,
चौथीतल्या पोराची आई