सौरडागांची तुलना करताना मोजपट्टी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सूर्यावरच्या काळ्या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढते-घटते. या सौरडाग-संख्येचा सध्याच्या पंचविसाव्या सौरचक्रातला उच्चांक 160.9 (ऑक्टोबर 2024) आणि 1957-58च्या एकोणिसाव्या चक्राचा 201.3, अशी तुलना अधूनमधून वाचनात येते. यातला पहिला आकडा नव्या मोजपट्टीवरचा आहे, दुसरा जुन्या.

ही संख्या काढण्याचे झुरिचचे खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फचे सूत्र सोपे आहे: डागांच्या गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सुटे डाग, आणि सगळ्याला निरीक्षकाचा गुणांक (वेगवेगळ्या निरीक्षकांची मोजणी एका पातळीवर आणणारा आकडा). म्हणून गुणांक एक असेल तर एकुलत्या एका डागाचेही 11 होतात. वुल्फ बारीक ठिपके सोडून देई, त्याचा वारसदार वोल्फर ते मोजू लागला. मग वोल्फरची मोजणी 0.6ने गुणून वुल्फच्या पातळीवर आणली गेली आणि तोच गुणाकार शंभरावर वर्षे चालला. जुलै 2015मध्ये ब्रुसेल्सच्या वेधशाळेने तो काढून टाकला.

तेव्हा जुना आकडा 0.6ने भागावा. 1937चे 119.2 असे भागले की नव्या यादीतले 198.6 जवळपास मिळतात. 1957-58ला मात्र एवढ्याने भागत नाही, 335 येतात. कारण 1947च्या सुमारास झुरिचमध्ये मोठ्या डागाला दोन, तीन, अगदी पाचपर्यंत वजन देणे रूढ झाले आणि आकडे सुमारे 18 टक्के फुगले. पुन्हा 1.18ने भागल्यावर 284 येतात. नव्या यादीत 285.0 आहेत. म्हणजे खरी तुलना 160.9 विरुद्ध 285ची.

त्याहून जुन्या नोंदींत (1645 ते 1715च्या शांत काळात तर फारच) शून्य हीच डोकेदुखी आहे. दुपारी सूर्याची उंची मोजणाऱ्याने डागांचा उल्लेख केला नाही, म्हणून त्या दिवशी डाग नव्हते असे धरता येत नाही. ‘बरेच दिवस डाग दिसला नाही’ या एका वाक्यावरून रोजची शून्ये भरली गेली, त्यामुळे तो काळ होता त्याहून निष्क्रिय भासतो. असे दिवस रिकामेच ठेवावेत.

कोडाईकनालच्या वेधशाळेतल्या 1904पासूनच्या छायाचित्र-काचांचे (काचेवर टिपलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचे) मोल इथे कळते. काच पुन्हा मोजता येते. वहीतल्या नुसत्या बेरजेत गट किती आणि डाग किती हे उलगडत नाही.

आलेख छापताना त्याखाली ‘जुनी मालिका’ की ‘2015ची मालिका’ एवढे दोन शब्द द्यावेत, ही विनंती.

— एक खगोलप्रेमी वाचक