खेळण्यांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या शुक्रवारी आमच्या गावच्या अंगणवाडीला वरच्या साहेबांची भेट झाली. आपल्या कारभारात पाहणीला माणसं गावापर्यंत पोचतात, याबद्दल आधी आभार. गाव सातारा तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की नोटीस आमच्या ताईंना येईल. साहेबांना येणार नाही.

साहेब येणार म्हणून सकाळी कपाट उघडलं. आतून पेटी निघाली. लाकडी मणी, दोरी, आकारांचे ठोकळे, चकत्यांचा मनोरा, हातात घालून नाचवायची बाहुली. बाहुलीवरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा अजून काढलेली नव्हती. पोरांना सतरंजीवर गोल बसवलं आणि एकेकाच्या हातात एकेक वस्तू दिली. माझा मुलगा साडेचार वर्षांचा, त्याच्या वाट्याला निळी चकती आली. इकडे बघा, हसा, झालं. साहेबांची गाडी वळायच्या आत सगळ्या वस्तू परत पेटीत. हा सोडेना, तेव्हा त्याची बोटं एकेक उलगडून चकती काढून घेतली. ती कुठल्या चकतीवर बसते, एवढंच त्याला बघायचं होतं. रात्री झोपेतसुद्धा 'माझी दे, माझी दे' चाललं होतं. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फोटो आला, वर 'खेळातून शिक्षण' असं ठळक अक्षरात. पोरगं फोटोत छान आलंय.

ताईंवर माझा राग नाही. पेटी आली तेव्हा त्यांनी हौसेनं उघडली होती. दोन मणी कुणाच्या तरी फ्रॉकच्या खिशातून घरी गेले. रजिस्टरशी मेळ बसेना. मग वरून ऐकवण्यात आलं की, वस्तू गहाळ झाल्या तर मानधनातून कापून घेऊ. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप. मी त्यांच्या जागी असते तर मीही लावलं असतं.

कागदावर आपण फार पुढे आहात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला. २० फेब्रुवारी २०२३ ला दिल्लीत 'जादुई पिटारा' हा खेळण्या-पुस्तकांचा संच निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात अंगणवाडीत खाऊबरोबर शिक्षणही द्यायचं, असं सांगणारं 'पोषण भी पढाई भी' आलं. आपल्या राज्याचा 'आकार' हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम तर आहेच. ताईंनी प्रशिक्षणातलं पुस्तक मला दाखवलं. त्यात पोरांनी मणी ओवावेत, माती मळावी, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावं, चिमटीनं बिया वेचाव्यात असं लिहिलंय, म्हणजे बोटांत बळ येतं आणि पुढे पेन्सिल धरता येते. उत्तम लिहिलंय. ते पुस्तकही कपाटातच असतं.

हिशेब बघा. अंगणवाडीमागे पूर्वशालेय संचाला, म्हणजे असल्या खेळण्यांच्या पेटीला, वर्षाला ५,००० रुपये धरलेले असतात, आणि राज्यात अंगणवाड्या आहेत १ लाख १० हजारांच्या घरात. म्हणजे साधारण ५५ कोटी झाले. पाच वर्षांचे पावणेतीनशे कोटी. एवढ्या पैशांत किती मणी येतात ते मंत्रालयातल्या कुणीतरी सांगावं, आमच्या पोरांनी दोनच नेलेत. खाऊचा दर तर विचारूच नका. मुलामागे दिवसाला ८ रुपये, तोही २०१७ साली ठरलेला. साताऱ्याच्या स्टँडवर कटिंग चहा १० रुपयांना आहे.

बरं, कपाट उघडलं तरी पोरांना खेळवणार कोण? ताई असतात मोबाइलमध्ये. पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी ॲप भरा, वजन टाका, फोटो टाका. १ जुलै २०२५ पासून शिध्याचं पाकीट द्यायलासुद्धा ते न्यायला आलेल्या बाईचा चेहरा मोबाइलवर जुळावा लागतो. आमच्याकडे रेंज मिळते देवळाच्या पारावर. ताई पारावर, मदतनीस चुलीपाशी, पोरं भिंतीला टेकून. 'लाडक्या बहिणी'चे अर्ज भरायलाही ताईच होत्या, अर्जामागे ५० रुपयांवर. डिसेंबर २०२३ मध्ये त्या पगारासाठी संपावर बसल्या तर पन्नास दिवस ताणलं तुम्ही. (बघा, आपण वरून तुम्हीवर आले. राहू दे.)

अंगणवाडी भरते समाजमंदिरात. गावात दहावं असलं, साखरपुडा असला की पोरं घरी. पावसाळ्यात पत्रा गळतो तेवढी जागा सोडून बसायचं. गेल्या वर्षी ग्रामसभेत सांगितलं, दिवाळीपर्यंत स्वतंत्र खोली होईल. कुठल्या सालची दिवाळी, तेवढं सांगायचं राहून गेलं.

तुम्ही म्हणाल, मग घाला की खासगी नर्सरीत. घातलं होतं, साहेब. थोरल्या मुलीला साताऱ्यात घातलं. फी २६ हजार, व्हॅन वेगळी, गॅदरिंगच्या ड्रेसचे वेगळे. माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत. मी रात्री बारापर्यंत ब्लाउज शिवते, हे पुण्याला कंपनीत. सासूबाई म्हणतात, बालवाडीला पाटल्या गहाण टाकणारी ही पहिलीच. शाळा कशी, तर बंगल्याच्या पार्किंगला काच लावलेली. मैदान नाही, झोपाळा नाही, बाहेर भिंतीवर मिकी माउस. साडेतीन वर्षांच्या पोरीला चार रेघी वहीत पान पान एबीसीडी. घरी आली की बोट दाखवायची, पेन्सिल टेकते तिथं लाल झालेलं. रोज सकाळी पोट दुखायचं तिचं, रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पोटाला काही झालेलं नाही. असल्या शाळा तपासतं कोण म्हणून विचारलं, तर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. म्हणून धाकट्याला गावात ठेवला, तर तिथं ही तऱ्हा. तुम्ही मला महिन्याला १,५०० देता, मी नाही म्हणत नाही. ते तसेच्या तसे थोरलीच्या व्हॅनवाल्याला जातात.

मुळात सहा वर्षांखालच्या पोराचा हक्कच कुठे धरलाय तुम्ही? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदाचा. त्यातलं कलम ११ म्हणतं, तीनच्या पुढच्यांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल. २००२ ची घटनादुरुस्ती म्हणते, राज्य प्रयत्न करील. वीजबिल भरताना मीही प्रयत्न करीन म्हटलं तर चालेल का? पोरांना मत नाही, हीच खरी अडचण. कारखान्याच्या निवडणुकीला घरटी गाडी येते. इथं शंभर रुपयांचा चेंडू येत नाही.

आणि भाषणाला साताऱ्यात आलात की सावित्रीबाईंचं नायगाव आठवतं, कर्मवीर अण्णा आठवतात. ३ जानेवारीला हारांना तोटा नसतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला बिया, पानं, शिंपले घेऊन आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवल्या. त्यांच्याकडे साठ्याचं रजिस्टर असतं, तर त्यांच्याही मानधनातून शिंपल्यांची वसुली निघाली असती.

मागणं फार नाही. अंगणवाडीतली खेळणी वापरून झिजली, मोडली, हरवली तर ती निर्लेखित करावीत, म्हणजे रजिस्टरमधून कमी करावीत, सेविकेकडून वसुली करू नये, असा एका ओळीचा जीआर काढा. गावागावांतून सत्कार घेण्यापेक्षा सोपं काम आहे. खेळायच्या वेळेत ताईंच्या हातात मोबाइल देऊ नका. आणि दारात टाकायला चार घमेली वाळू द्या. कृष्णेची वाळू रात्रीची कुठं कुठं जाते ते आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे, त्यातली चार घमेली कुणाला कळणारही नाहीत.

उत्तर पाठवणार असाल तर 'आपले पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आले आहे' हे पाठवू नका. ते संबंधितांकडूनच परत माझ्या दारात येतं, वर 'अर्ज कशाला केलास' असं विचारायला चार माणसं येतात.

कळावे,
दोन मुलांची आई, सातारा तालुका