तो राजीखुशीचा कागद लिहून घेऊ नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

चार मोठ्यांनी बसून मिटवलं असं आपण कौतुकाने सांगतो, त्याच मिटवण्यात माझ्या भाचीचं किती नुकसान झालं ते सांगायला हे पत्र लिहितोय.

मे महिन्यात लग्न झालं. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या ट्रंकेत तिला कोर्टाच्या निकालाची कॉपी सापडली, नवऱ्याचं आधी एक लग्न होऊन घटस्फोट झालेला, आणि बघण्याच्या कार्यक्रमापासून हळदीपर्यंत आम्हाला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. पोरगी त्याच दिवशी माहेरी आली. मग बैठक झाली, मीही होतो त्यात, समजूत काढली आणि "मी राजीखुशीने नांदायला जात आहे" असं वहीच्या पानावर लिहून तिची सही घेतली. चार महिन्यांनी ती कायमची परत आली, तेव्हा मोबाईलमधला त्या पानाचा फोटो बघून वकील मॅडम जरा वेळ गप्पच बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२, समोरच्या माणसाबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर कोर्ट लग्न रद्द ठरवू शकतं. पण फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि कळल्यानंतर पूर्ण संमतीने नवराबायको म्हणून एकत्र राहिलात तर तो अर्ज चालत नाही. म्हणजे आम्ही समेट म्हणून जे केलं तेच समोरच्यांचा पुरावा झालं!

घटस्फोटाला साधारणपणे लग्नाला एक वर्ष होईपर्यंत थांबावं लागतं, रद्द करण्याच्या अर्जाला तसं थांबावं लागत नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं. पहिली बायको हयात असून तिच्याशी घटस्फोटच झालेला नसता तर गोष्ट वेगळी, ते लग्न कलम ११ खाली मुळातच शून्य आणि तिथे ही एक वर्षाची मुदत नाही. लग्न रद्द झालं म्हणून मूल अनौरस ठरत नाही, कलम १६ आहे त्यासाठी. नोटरीकडे स्टॅम्प पेपर करून मात्र लग्न रद्द होत नाही, त्याला कोर्टाचाच हुकूम लागतो.

भाचीची आता घटस्फोटाची केस चालू आहे, तारखा पडतायत. ती मला काही बोलत नाही, पण त्या पानावर सही कर म्हणून पेन मीच दिलं होतं. तुमच्या घरात असं काही निघालं तर बैठकीच्या आधी मुलीला वकिलाकडे न्या. पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आपला,
एक मामा, सातारा